शेवंतीच्या काचघरातले गायकवाडमामा

आमच्या संस्थेच्या काचघरात शिरायचं तर आधी गायकवाडमामांच्या वाडग्यात हात बुडवावे लागत. वाडग्यात पावडरचं दूध असे. दुधामुळे झाडाचा विषाणू हातावरून पसरत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हडपसरहून सायकलवर येणारे हे माळी मात्र ते व्रतासारखं पाळत. संचालकांनाही सोडत नसत. "सायेब, कात्रीबी बुडवा. तिनं काय पाप केलंय?"

शेवंतीवरचा एक नवा विषाणू शोधल्याचं श्रेय माझ्या नावावर आहे. पहिलं पान मात्र मामांनी आणलं होतं. त्यावर बांगडीसारखी गोल, फिकट पिवळी कडी होती.

"जस्त कमी पडलंय," मी मान वर न करता म्हणाले.

"बाई, उपाशी झाड असं नक्षी काढत न्हाई."

त्यांनी त्या पानाचा रस एका निरोगी रोपावर चोळला आणि ते रोप वेगळं ठेवलं. काही दिवसांत तिथेही कडी उठली. मग मी कामाला लागले. हा विषाणू माहीत असलेल्या कुठल्याच विषाणूशी जुळेना, तेव्हा मामा म्हणाले, "म्हंजे ह्याला अजून नावच न्हाई? मग बारसं करा की!"

त्याच सुमारास एका सकाळी संस्थेत पाहुणे यायचे होते. मी आजारी रोपांचे नमुने कापले आणि घाईत त्याच कात्रीने, ती न बुडवता, मातृरोपांची फुलं गुच्छासाठी कापली. मातृरोपं म्हणजे ज्यांच्या फांद्यांपासून पुढची सगळी रोपं करायची ती. मामा तेव्हा बाहेर खताची पोती उतरवून घेत होते. तीनेक आठवड्यांत त्या ओळीवर कडी उमटली. सगळी ओळ उपटून जाळावी लागली.

"हे कुणाच्या हातून झालं?" संचालकांनी विचारलं. मामा शेजारीच उभे होते.

मी म्हणाले, "काचघर गायकवाडांकडे असतं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, या विचाराचा मी पुढे कितीतरी वर्षं आधार घेतला.

मामांना बाहेरची हिरवळ कापायला धाडलं. काचघर त्यांना बंद झालं ते कायमचं. माझा शोधनिबंध छापून आला, सत्कार झाला. आभारातसुद्धा मी त्यांचं नाव घातलं नाही. घातलं असतं, तर ते हल्ली कुठे असतात, असं कुणीतरी विचारलं असतं. संस्थेत हे आजही कुणाला ठाऊक नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मामा जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या घरी गेले. ते अंथरुणावर होते. सुनेला म्हणाले, "च्या टाक. बाई लांबनं आल्यात." मी खाली बघत सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "ज्या झाडांची फुलं कापल्याली, तीच आधी आजारी पडली. अन् गुच्छ तर तुमच्या हातात हुता."

"मग तेव्हाच का नाही बोललात, मामा?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो हुतो." सुनेनं आणलेला चहा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "लई दिस थांबलो, बाई."