टाच आधी

हॉटेलात त्याला सगळे सुसाट म्हणायचे. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते वापरायला कुणाला सवड नव्हती. गिऱ्हाईक खुर्चीवर नीट टेकायच्या आत पाण्याचा पेला समोर, आणि चहा सांगून होतो न होतो तोच चहा. एका हातावर भरलेला ट्रे, खांद्यावर फडकं, आणि स्वयंपाकघराचं दार पाठीनं ढकलत उलट्या पावली बाहेर येणं ही त्याची खास लकब. शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे, तोंड पुढे दिलंय ना देवानं?" तो म्हणायचा, "पाठीला डोळे आहेत, शेठ."

एका सकाळी त्या पाठीच्या डोळ्यांनी दगा दिला. बाहेरच्या बंबातून उकळत्या पाण्याचं पातेलं भरून आचारी आत येत होता आणि हा नेहमीच्या वेगात उलटा बाहेर. दारातच गाठ पडली. गुडघ्यांपासून खाली दोन्ही पिंढऱ्या भाजल्या. आचारी बिचारा ढसाढसा रडला, आणि सुसाट स्ट्रेचरवरून त्यालाच सांगत होता, "रडू नकोस, चार नंबरची कॉफी राहिलीय ती दे."

दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून पिंढरीवर लावली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "खात्यातल्या खात्यात बदली झालीय." पण ड्रेसिंगच्या वेळी मात्र त्याचे विनोद संपायचे. तेव्हा तो बायकोचा हात धरून छताकडे बघत राहायचा, आणि ती कपड्यांच्या इस्त्रीचं दुकान बंद ठेवून रोज त्या वेळेला हजर असायची.

भाजलेली कातडी भरून येताना आखडते, हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता. घरी आला तेव्हा पायांच्या मागची कातडी अशी ओढून धरत होती की टाच जमिनीला लागेना. चवड्यांवर, काठी टेकत, मान खाली घालून तो संडासापर्यंत जायचा आणि परत येईपर्यंत घामाघूम व्हायचा. गल्लीतल्या एकानं सवयीनं हाक मारली, "काय सुसाट!" त्या दिवशी तो जेवला नाही.

मग सुरू झाली व्यायामाची खोली. दोन समांतर दांडे, समोर भिंतभर आरसा, बाजूला बाकं, आणि मधोमध उभी एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. ती पाऊल हातात धरून घोट्यातून वर ढकलायची, कातडी ताणायची, क्रीम लावून चोळायची, आणि चालायला उभं केलं की एकच घोष करायची, "टाच आधी, काका, टाच आधी!" सगळे पेशंट तिला टाचबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं. घरी तेच काम बायकोकडे. पहाटे ती त्याच्या पायांना क्रीम चोळायची, मग भाजलेली कातडी दाबून धरणारे ते भयंकर घट्ट मोजे चढवायची. ते चढवताना दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि मोजे चढले की मिटायचं.

कातडी हळूहळू सैल पडली. टाचबाई पाऊल हातात धरून म्हणायची, "आता टाच टेकायला काही हरकत नाही." पण उभा राहिला की सुसाट पुन्हा चवड्यांवर. दांडे घट्ट पकडलेले, नजर पावलांवर.

त्यात शेठ भेटायला आले आणि आनंदानं म्हणाले, "तू काळजी करू नकोस. गल्ल्याच्या बाजूला तुझ्यासाठी गादीची खुर्ची करून घेतलीय. बसून बिलं घ्यायची. पायांना त्रास नाही." सुसाटनं मान डोलावली खरी. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना खुर्च्या ओढून दिल्या, त्याला स्वतः खुर्चीत बसणं म्हणजे अडगळीत टाकल्यासारखं वाटलं. शेठ गेल्यावर तो त्यांच्यावर बराच तणतणला. शेवटी बायको म्हणाली, "त्यांना कशाला बोलता? खुर्ची मी मागितली."

"तू?"

"मीच. त्या दारातून तुम्ही पुन्हा ये-जा करणार, ते मला बघवणार नाही."

"तू नाही रोज तापलेली इस्त्री हातात धरत?"

"इस्त्री माझ्या अंगावर पडली नाहीये," ती म्हणाली आणि उठून गेली.

तिची भीती खरी होती. अडचण ही होती की तीच भीती त्याच्याही टाचेत बसली होती.

त्याच आठवड्यात ती गंमत झाली. पेशंटांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. स्टोव्हच्या भडक्यानं त्यांचे पाय भाजले होते, पण आवाज मात्र शाबूत होता. ते बाकावरून गरजले, "अरे, इथे पाणी मिळतं की नाही?"

"आलो साहेब!"

म्हणणारा सुसाट. तो उठला, फिल्टरजवळ गेला, पेले भरले, पट्ट्या ठेवायचा स्टीलचा ट्रे रिकामा करून त्यावर मांडले, आणि ट्रे तळव्यावर उचलून खोली ओलांडली. वाटेत आणखी दोघांना विचारलं, "आपल्याला?" मास्तरांच्या पुढ्यात पेला ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलानं बाक पुसलं आणि म्हणाला, "आणखी काय आणू?"

काठी तिकडे बाकाला टेकून उभी होती. ती दिसली मात्र, सुसाटनं मास्तरांच्या बाकाची कड पकडली. टाचबाईनं धावत येऊन त्याला बसवलं.

"काका, टाच आधी टेकली."

"कुणाची?"

"तुमची. दोन्ही!"

हातात ट्रे आला की वेटर पायांकडे बघत नाही, टेबलाकडे बघतो. मान वर झाली, पाऊल लांब पडलं आणि टाचेला घाबरायला वेळच मिळाला नाही. टाचबाई हुशार. दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळ्या खोलीला तहान लावली. सुसाट ट्रे घेऊन फेऱ्या मारायचा, पेशंट मिनिटामिनिटाला पाणी मागायचे, आणि मास्तर तर इतकं पाणी प्यायले की त्यांचंही चालणं सुधारलं, कारण बाथरूम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पण ते गार पाणी होतं. हे सुसाटला कळत होतं आणि बायकोलाही.

टाचबाईनं कामावर जायची परवानगी दिली; मोजे घालायचे, अधूनमधून बसायचं, एवढ्या अटी. सुसाटनं शेठना गाठलं. "एक फेरी करू द्या. स्वयंपाकघरातून शेवटच्या टेबलापर्यंत, गरम चहाची. जमली नाही तर तुमची खुर्ची आणि मी." शेठनी त्याच्याबरोबर आलेल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी येणार बघायला."

शेवटच्या टेबलावर टाचबाई, मास्तर आणि बायको. इतक्या वर्षांत बायको त्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून कधी बसली नव्हती. आत आचाऱ्यानं चहा ओतला. सुसाटनं ट्रे उचलला आणि दारापाशी आला. कपांतून वाफ वर येऊन हनुवटीला लागली, आणि पाय तिथेच थांबले. टाचा वर उचलल्या गेल्या. दाराच्या काचेतून त्याला सगळे दिसत होते. शेठ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. टाचबाईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधीच दुसरा आवाज आला.

"अहो, चहा मिळणार आहे का आज? का दुसरीकडे जाऊ?"

बायको होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली होती, चेहरा पांढराफटक, पण आवाज अगदी वैतागलेल्या गिऱ्हाइकाचा.

"आलो, आलो!"

दार त्यानं खांद्यानं ढकललं, या वेळी तोंड पुढे करून. टाच आधी, मग पाऊल, मग दुसरी टाच. पहिला कप त्यानं बायकोपुढे ठेवला.

"साखर किती, बाईसाहेब?"

"इतक्या वर्षांत माहीत नाही?"

"घरी चहा तू करतेस. मला कोण सांगणार?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी टेबलावर थाप मारली तेव्हा कुठे थोडा चहा बशीत सांडला. तेवढ्यात खिडकीजवळून कुणीतरी हाक मारली, "सुसाट, इकडे दोन कॉफी!"

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"जा की," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

तो गेला. शेठनी गादीची खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यात बसले. बायको नवऱ्याच्या टाचांकडे बघत राहिली आणि तिचा चहा गार झाला. परतीच्या फेरीत त्यानं तो न सांगताच बदलून दिला.