गोजरबाईच्या दारचं पाणी

गोजरबाईच्या दारावरून कुणी पाणी न पिता गेलं, तर तिला तो स्वतःचा अपमान वाटे. कोल्हारहून श्रीरामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिची वस्ती होती. रस्त्यानं सायकलवाला जावो, बैलगाडी जावो, नाहीतर पंक्चर झालेल्या एसटीतली चाळीस माणसं खाली उतरोत, गोजरबाई पदर खोचून हंडा घेऊन हजर. आधी गुळाचा खडा, मग तांब्या. घाईत आहे म्हणणाऱ्याला ती सरळ दटावायची, "पानी प्यायला काय जलम लागतो व्हय रं?" मी तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत शिक्षक होतो. शाळा सुटली की खोलीवर जाण्याआधी तिच्या ओट्यावर टेकायचोच. पुढं बदल्या होत होत मी अर्धा जिल्हा पालथा घातला, पण तसं पाणी मला परत मिळालं नाही.

विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली. गोजरबाई तेव्हा नवी नवरी होती. "ह्या हिरीतला निम्मा मुरूम माझ्या डोक्यावरनं वर आलाय," हे ती प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची, आणि मला तर आठवड्यातून दोनदा. तिचा नवरा मच्छिंद्र शेजारी बसून मान डोलवायचा. तो फारसं बोलत नसे. गोजरबाई दोघांचंही बोलायची.

एकोणसत्तरच्या सुमाराला ओढ्याच्या वरच्या अंगाला उसाच्या मळीपासून स्पिरीट काढायचा कारखाना निघाला. स्पिरीट काढून उरलेलं काळं पाणी त्यांनी ओढ्यात सोडलं, आणि ओढा गोजरबाईच्या विहिरीपासून वीस पावलांवर. पहिल्या वर्षी नुसता वास आला. दुसऱ्या वर्षी पाणी चहाच्या रंगाचं झालं. बैल तोंड लावून मान फिरवायचे. माणसं फडक्याची चौपदरी घडी करून गाळून प्यायची, कारण दुसरी गोडी विहीर वरच्या वस्तीवरल्या लंकाबाईची, आणि ती दीड कोस वर. रोज तिथून पाणी कोण आणणार? गोजरबाईनं रस्त्यावर हंडा घेऊन जाणं सोडलं. ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसायला लागली. मी गेलो की पाण्याऐवजी चहा द्यायची. चहात वास कमी लागतो.

मग आम्ही अर्ज करायला लागलो. आम्ही म्हणजे ती सांगायची आणि मी लिहायचो. मी "अर्जदार नम्रपणे विनंती करते की" असं वाचून दाखवलं की ती मला अडवायची. "नम्र कशाला? हीर माझी हाय, घान त्यांची हाय. त्यांनी व्हावं नम्र." मी तिची समजूत काढून नम्रपणे तसंच ठेवायचो. तिची मागणी एकच होती. कारखान्यानं काळं पाणी ओढ्यात सोडू नये, स्वतःच्या जागेत काय ते करावं. असे सात अर्ज गेले.

एकाहत्तरच्या मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. ओढे-विहिरींच्या पाण्याबाबत शासनानं सल्लागार समिती नेमली आहे, ती गावोगाव फिरून जनतेचं म्हणणं ऐकेल आणि शासनाला सल्ला देईल. मला इतका आनंद झाला की मी नोटीस फळ्यावरून काढूनच तिच्याकडं नेली. सरकार स्वतःहून विचारायला येतंय, यापरतं काय हवं! आठवडाभर मी तिच्याकडून चार मुद्दे घोटून घेतले. पाण्याचा रंग, वास, जनावरं आणि घशाची आग. तिला ते माझ्यापेक्षा चांगले पाठ झाले. एवढी तयारी मी शाळा तपासणीचीसुद्धा कधी केली नव्हती.

समिती दहाला यायची, ती आली दीडला, दोन जीपांतून. कारखान्याच्या विश्रामगृहावर जेवण झालं होतं. अध्यक्ष म्हणून एक मोठे साहेब, पुण्याचे एक प्राध्यापक, आणि जनतेचे प्रतिनिधी म्हणून आप्पासाहेब. हे आप्पासाहेब आमच्याच तालुक्यातले, पण जनतेशी त्यांची गाठ सहसा मतदानाच्या आधी पडायची. शिवाय वाट दाखवायला म्हणून कारखान्याचा एक ऑफिसर सोबत होता. वाट कसली, वस्ती रस्त्यावरच होती.

मच्छिंद्रनं पोहरा सोडून पाणी वर काढलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ ढवळतो, साहेब," ऑफिसर म्हणाला.

"गाळ न्हाई, साहेब. मळीचं पानी हाय," गोजरबाई म्हणाली. "माझ्या हिरीला आजवर गाळ ठावा न्हाई."

"बाई, तुम्ही हेच पाणी पिता?" साहेबांनी विचारलं.

"ह्येच पितो. दुसरं कुठलं पिनार?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो. जनावरांचा मुद्दा तिनं सुरू केला, तोवर प्राध्यापकांनी घाम पुसत घड्याळ बघितलं. बाटलीत नमुना घेणार का, असं मी विचारलं. बाटल्या पुण्याहून यायच्यात, नमुना मागाहून नेऊ, असं उत्तर मिळालं. सगळे जीपकडं वळले. घशाची आग तशीच राहिली.

तेव्हा गोजरबाई आडवी आली. "असं कसं जाल? पानी तरी प्या."

सगळे ओट्यावर बसले. गूळ आला. घासून लखलखीत केलेल्या फुलपात्रांतून पाणी आलं. प्राध्यापकांनी फुलपात्रात वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगदी निवळशंख आहे हो." साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. "गोड आहे पाणी," ते म्हणाले. गोजरबाईचा चेहरा असा फुलला, की बघत राहावं. दोन वर्षांत तिच्या ओट्यावर हे कुणी म्हणालं नव्हतं. तीन वेळा "अजून घ्या, अजून घ्या" झालं.

मीही प्यायलो. पहिल्या घोटालाच मला कळलं की हे लंकाबाईच्या विहिरीचं आहे. पहाटे उठून, डोक्यावर दोन घागरी घेऊन, गोजरबाई तीन कोसांची पायपीट करून आली होती. पाहुण्यासाठी पाणी कुठून आणलं ते पाहुण्याला सांगायचं नसतं, आमच्याकडं तो हलकेपणा समजतात. ती बोलली नाही. आणि मी? मी मनात म्हटलं, काय ही बाई, किती करते! वर आणखी एक तांब्या प्यायलो. माझ्या डोक्यात त्यापलीकडं काही आलं नाही, हे मी आज शपथेवर सांगतो, आणि तरीही मला माझी लाज वाटते. निघताना समितीच्या शिपायानं उपस्थितीचा कागद पुढं केला. मी सही केली, गोजरबाईनं अंगठा उठवला.

नमुन्याच्या बाटल्या काही आल्या नाहीत. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत समितीचा अहवाल आला, सायक्लोस्टाईल केलेली सहा पानं. आमचं गाव चौथ्या पानावर होतं. मी तो ओट्यावर बसून वाचून दाखवला.

"सदर विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गाळामुळे गढूळ दिसते. तथापि तेच पाणी घरी भरून ठेवल्यावर निवळते. ग्रामस्थ हेच पाणी पितात, असे अर्जदाराने स्वमुखाने सांगितले. असे निवळलेले पाणी समितीच्या सर्व सदस्यांनी स्वतः प्राशन केले व ते स्वच्छ आणि गोड आढळले. सबब कोणत्याही उपाययोजनेची आवश्यकता नाही, असा सल्ला समिती ग्रामस्थांच्या उपस्थितीत एकमताने देत आहे."

गोजरबाईनं मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"एकमतानं म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांचं."

"माझं धरून?"

खाली उपस्थितांची यादी होती. माझं नाव होतं, तिचंही होतं. "धरून," मी म्हणालो.

तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मग एकदम माझ्यावरच उसळली. "मंग काय, दारात आलेल्याला तसलं पानी द्यायचं हुतं? तुमी दिलं असतं? सांगा की, गुरुजी!" मच्छिंद्र आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आधी उठून आत गेला.

मी नगरला गेलो. जिल्हा कचेरीतल्या कारकुनानं मला अदबीनं बसवलं, फाईल काढली, सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं की प्यायलेलं पाणी दुसऱ्या विहिरीचं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, समितीचं काम सल्ला देणं. तो त्यांनी दिला. समिती आता बरखास्त झाली."

"मग हरकत कुणाकडं नोंदवायची?"

"समितीकडंच नोंदवायची असते. अहवालाच्या आधी. तुम्ही तिथं हजर होतात ना? ही सही तुमचीच ना? पाणी दुसरीकडचं आहे हे त्याच वेळी बोलायचं होतं."

त्यानं मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. मला भांडता आलं असतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते ऐकून त्याच्या टेबलावरचा टाक उचलून फेकावासा वाटला. मी नमस्कार करून बाहेर पडलो आणि राहुरीमार्गे परत आलो.

संध्याकाळी ओट्यावर गेलो. काय झालं ते माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं, कारण तिनं विचारलं नाही. ती आत गेली, गुळाचा खडा आणि फुलपात्र घेऊन आली. त्यात तिच्याच विहिरीचं पाणी होतं, चहाच्या रंगाचं.

"आता ज्यो यील त्याला ह्येच देनार," ती म्हणाली. तिनं फुलपात्र माझ्या हातात दिलं. "प्या."

मी प्यायलो. नाक बंद करून, सगळं. घसा पोटापर्यंत जळत गेला. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. पाहुण्याला असलं पाणी दिल्याचं ते दुःख होतं, ते मला दिसत होतं.

"कसं हाय?"

"घाण आहे, गोजरबाई."

"मंग तेवढं लिवून द्या."

मी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून कागद काढला. रंग तपकिरी, वास कुजकट, घशाची आग होते, आज मी स्वतः प्यायलो, असं लिहिलं. खाली तारीख घातली, सही केली. तिनं शाई मागून अंगठा उठवला. यावेळी तिनं नम्रपणेबद्दल तक्रार केली नाही, कारण मी तो शब्द लिहिलाच नव्हता.

"आता वर नाव घाला," ती म्हणाली. "कुनाला द्यायचा त्ये."

मी पेन उघडं धरून बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या कागदासमोर बसलो होतो, पण कुणाचं नाव घालायचं ते मला सुचलं नाही.