आइसलँडिकमधलं वांगं

आइसलँडिकचा एक शब्द येत नसताना अख्खा आइसलँडिक हेवी मेटल अल्बम तोंडपाठ असलेला माणूस पाहिलाय कधी? मी पाहिलाय! रोज त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जायचे मी! आम्ही सगळे त्यांना मेटल काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे, अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टर, टक्कल, हाफ स्वेटर, आणि गाताना आवाज असा, की सिग्नलला शेजारच्या गाडीवाले पटकन काच वर करायचे.

मी तेव्हा नवीन, लायसन्स नाही, म्हणून काका मला पिकअप करायचे. गाडीत बसलं की "जय भीम, सीट बेल्ट लाव" हे एका श्वासात, आणि मी जय भीम म्हणेपर्यंत कॅसेट सुरू. बाहेर रेडमंडचा तो चिकट पाऊस, आत ढॅणढॅण गिटार, आणि कुणीतरी पोटात कळ आल्यासारखा ओरडतोय! पहिल्या दिवशी मला वाटलं गाडीच बिघडलीय. म्हटलं, "काका, मेकॅनिकला दाखवायचं का?"

"अगं पोरी, गाणं आहे ते!" काका दुखावलेच.

कॅसेट आणली होती मुलीसाठी. पल्लवी, बारावीत, जन्म इथलाच. बंद दाराआड मोठ्ठ्यानं मेटल ऐकायची, आणि काकांशी बोलणं म्हणजे 'फाइन', 'ओके', 'व्हॉटेव्हर'. पुढच्या वर्षी ती लांब कॉलेजला जाणार याची काकांना जाम धास्ती. मला म्हणायचे, "घरात असून बोलत नाही, तिकडं गेल्यावर काय बोलणार?" म्हणून तिच्या बर्थडेला ते दुकानात गेले आणि हिरव्या केसांच्या पोराला म्हणाले, सगळ्यात जास्त आरडाओरडा असलेलं दे. त्यानं हे दिलं. पल्लवीनं कव्हर पाहिलं, म्हणाली, "डॅड, हे आइसलँडिक आहे. नोबडी अंडरस्टँड्स इट." आणि परत दिलं.

दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. काका ऐकत बसले. टेस्टर ना, एकच गोष्ट शंभरदा तपासायची सवय! आणि आठवड्याभरात त्यांना त्यात मराठी सापडलं. मी शप्पथ सांगते, दुसऱ्या गाण्याच्या कोरसला तो माणूस गळा फाडून म्हणायचा, "वांग्यात मीठ नाही!"

म्हटलं, "काका, आइसलँडमध्ये वांगी नसतात हो."

"म्हणून तर ओरडतोय ना बिचारा! इतक्या वर्षांनी वांगं मिळालं, अन् त्यातही मीठ नाही!"

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोन दिवसांनी मलाही तेच ऐकू यायला लागलं.

एका सकाळी पल्लवीची स्कूल बस चुकली. ती मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे. काका एकदम गप्प. कॅसेटसुद्धा लावेनात! मला ती शांतता सहन होईना, मीच बटण दाबलं. पहिलं गाणं काकांनी ओठ आवळून काढलं. दुसरं सुरू झालं. कोरस आला. त्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा, आणि मग सुटलेच, "वांग्यात मीठ नाहीऽऽ!"

मागून आवाज आला, "डॅड. इट्स नॉट मीठ."

काकांनी आरशात पाहिलं. "मग काय आहे?"

"तीळ. वांग्यात तीळ नाही."

म्हणजे ही पोरगी ऐकत होती! काका रोज गॅरेजमध्ये गातात, ते दाराआडून सगळं!

"तीळ काहून? मीठ आहे ते, स्वच्छ ऐकू येते!"

"मीठ तर नंतर पण टाकू शकतो ना! हू क्राइज अबाउट मीठ? तीळ विसरला तर खलास! आई विचार!"

"आईला विचार म्हणतात."

"व्हॉटेव्हर! तीळ आहे!"

शाळा येऊन गेली. कुणालाच कळलं नाही! काका पुढच्या चौकातून गाडी वळवून आले, तेवढ्यात त्यांनी कॅसेट दोनदा मागे घेतली, आणि पल्लवी उतरताना दार आपटून म्हणाली, "संध्याकाळी प्रूव्ह करते." काका माझ्याकडे वळले. डोळे भरलेले. "संध्याकाळी बोलणार म्हणते," म्हणाले. मग नाक ओढून, "पण मीठच आहे हं ते."

पल्लवी कॉलेजला गेली. मग काकू तक्रार करायला लागल्या, "रविवारी तिचा फोन आला की हे सोडतच नाहीत. आता तिसऱ्या गाण्यावरून चाललंय. मला फक्त बाय म्हणायला देतात!"

यंदा मला लांब कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नोकरी लागली. काकांनीच एअरपोर्टला सोडलं. बॅग उतरवताना विचारलं, "घरी फोन करतेस ना? बाबांशी काय बोलते?"

"काही नाही हो. बरी आहे म्हणते, तेही बरं म्हणतात."

"हात्! भांड ना जरा त्यांच्याशी! फक्त बरी आहे ऐकायला माणूस फोनपाशी बसते का?"

परवा रविवारी मी बाबांना म्हटलं, तुमच्या पोह्यांत बटाटा असतो ना, तो साफ चुकीचा आहे. पलीकडे बाबांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ते आईला म्हणाले, "थांब गं, मला आधी बोलू दे."