अर्धा खड्डा सरकारी

रस्त्याच्या कामात माणूस म्हातारा झाला की अंगाला डांबराचा वास राहतो आणि डोक्यात किस्से. वास गेला. किस्से जात नाहीत.

मी सरकारी बांधकाम खात्यात मुकादम होतो. लासलगावकडून येणारा रस्ता गावाच्या वेशीपर्यंत आमचा, पुढे नगरपालिकेचा. तिकडचा मुकादम गफूरभाई. हद्द जिथे बदलते, बरोबर तिथेच खड्डा. समोर शांताबाईची चहाची टपरी. कांद्याचे ट्रॅक्टर चिखल उडवायचे, गिऱ्हाईक पळायचं.

"मुकादम, माझा धंदा बसला हो!"

मी खड्डा भरला. हद्दीपर्यंत. म्हणजे अर्धा. शिस्त म्हणजे शिस्त!

शांताबाईने मला अर्धा कप चहा दिला. म्हणाली, "बाकीचा गफूरभाईकडं मागा!"

*

एकदा हद्दीवर म्हैस मरून पडली. डोकं आमच्याकडे, शेपूट पालिकेकडे.

गफूरभाई म्हणाला, "जीव तोंडातून जातो, मुकादम. तोंड तुमचं. उचला!"

मी म्हणालो, "वजन मागच्या अंगाला असतं. तुम्ही उचला."

शेवटी कोणाकडे किती म्हैस ते मोजायला टेप आणला. पोटावर टेप टेकवला आणि म्हैस उठली! पसरून झोपली होती. शेपूट हलवत पालिकेच्या हद्दीत गेली.

"घ्या," मी म्हणालो. "आता सगळी तुमची."

*

मग दोन्हीकडच्या साहेबांची मीटिंग झाली. ठरलं, समन्वय ठेवायचा, खड्डा एकत्र भरायचा. मी रोलर घेऊन गेलो. समोरून गफूरभाईही रोलर घेऊन आला. डांबर कोणीच आणलं नाही!

दोन रोलर नाकाला नाक लावून उभे. मागे कोण घेणार? सरकार मागे हटत नसतं. गफूरभाई म्हणाला, पालिकाही नाही. ट्रॅक्टर दिवसभर शेतातून गेले.

शांताबाई म्हणाली, "खड्डा बरा होता. निदान रस्ता तरी चालू होता!"

*

सिंहस्थ जवळ आला. दोन्ही खात्यांना वरून हुकूम सुटला. पूर्ण खड्डा भरा!

सकाळी गफूरभाईने भरला. दुपारी मी गेलो. खड्डा नव्हता. पण हुकूम भरण्याचा होता. मी भरला.

चांगला गुडघाभर उंचवटा झाला. गाडी तिथे आली की हळू व्हायची. हळू झालेला ड्रायव्हर चहाला उतरायचा. शांताबाईने नवीन बाकडं टाकलं. आम्हाला दम दिला, "उकरायला आलात, तर गाठ माझ्याशी हाय!"

थोड्याच दिवसांत बडे साहेब पाहणीला आले. जीप हळू झाली. साहेब खाली उतरले, उंचवटा बघून खूश!

"वा! झकास गतिरोधक. कोणी केला?"

"आम्ही!" मी आणि गफूरभाई एकदम ओरडलो.

एकमेकांकडे बघितलं. मी बाह्या सरसावल्या. त्यानेही.

शांताबाईने बाकडं पुसलं. "बसा, साहेब. याला लय वेळ लागंल."