खंडेनवमीचा पाना

आमच्या आईला मोटरसायकलचं काडीचं कौतुक नाही. कोलकात्याला गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये बाबांची गाडी आली तेव्हापासून ती तिला 'सवत' म्हणते. तरी दरवर्षी खंडेनवमीच्या आधी बाबा क्लचचं तेल बदलतात, तेव्हा लिव्हर दाबायला आईच लागते. हा क्लच तारेवर नाही, तेलावर चालतो. तेलात हवा शिरली की लिव्हर लुळी पडते. म्हणून आईनं वर लिव्हर दाबून धरायची, बाबांनी खाली निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, पान्यानं सैल करून हवा सोडायची आणि परत आवळायची. तोवर बाबा ओरडत असतात, "सोडू नकोस, सुहासिनी, सोडू नकोस!"

यंदा आईला पूजेची घाई. हत्यारं अष्टमीलाच घासून ठेवायची म्हणून तिनं बाबांच्या हातातला पाना जवळजवळ ओढूनच घेतला. निपल नुसती बोटांनी फिरवलेली राहिली. नवमीला हळदकुंकू लावून पाना पाटावर बसला. आता दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आईचा कायदा.

त्याच संध्याकाळी सॉल्ट लेकच्या नर्सिंग होममधून मी फोन केला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, बाळाचे ठोके मंदावत होते आणि नवरा बेंगळुरूला अडकलेला. "आई, मोठे डॉक्टर आले की ऑपरेशन करणार आहेत. मला फार भीती वाटतेय. तू ये."

दुर्गापूजेच्या गर्दीत टॅक्सी मिळेना. बाबा गाडीकडे धावले. लिव्हर दाबली, तर ती थेट मुठीला टेकली. सैल राहिलेल्या निपलमधून खाली फरशीवर तेल सांडलेलं. सगळी गॅरेजं बंद. बाबा घरात येऊन पाटासमोर नुसते उभे राहिले.

"बघताय काय?" आई म्हणाली आणि फुलं सारून तिनंच पाना उचलला.

पण बाबांच्या हातून घाईत पाना दोनदा घसरला. निपलच्या कडा झिजल्या असत्या तर सगळंच संपलं असतं.

"उठा. तुम्ही वर धरा."

नवी साडी खोचून आई फरशीवर बसली. इतकी वर्षं वरून पाहिलेलं काम तिनं खालून केलं. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुडे येतच राहिले, बाटलीतलं तेल तळाला गेलं. "सोडू नका हो!" आता ती ओरडत होती. अखेर नुसत्या तेलाची धार आली आणि लिव्हर ताठ झाली. आईनं निपल जीव खाऊन आवळली.

मला आत नेत होते तेवढ्यात आई धापा टाकत आली. साडीला तेल, अंगठ्याला कुंकू. "मासिमा, आगे हात धुये निन," आधी हात धुऊन घ्या म्हणून नर्स बंगालीत ओरडली. मी तो हात आधीच पकडला होता.

"आई, सोडू नकोस."

"मला शिकवतेस? त्या सवतीपायी जन्म गेला माझा धरून ठेवण्यात."

मला रडता रडता हसू फुटलं. हसतच मी आत गेले.

बाबा सांगतात, दार लागल्यावर आई बाकावर बसायलाच तयार नव्हती. आतून माझ्या लेकीचं, यामिनीचं, खणखणीत रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे ती टेकली.