पेटीच्या फळ्या

आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी कारकून होतो, तेव्हा तिथं एक ख्रिस्ती सुतार होता. रंधा न थांबवता तो रोज एकच विचारायचा, "आज काय पायजे, बाबू?" उद्याचं काही काढलं, की ऐकूच न आल्यासारखं करायचा. आणि याच माणसानं स्वतःच्या शवपेटीसाठी सागाच्या सहा फळ्या खाटेखाली जपल्या होत्या. दर रविवारी प्रार्थनेहून आला की त्यांना तेल लावायचा. मला याचा मेळ कधी लागला नाही.

एका पावसाळ्यात नाल्यावरचा साकव वाहून गेला. पलीकडच्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, एक बाई अडली होती आणि सुईण राहिली अलीकडे. यानं दोन लांब लाकडी बल्ल्या नाल्यावर आडव्या टाकून त्यावर सहाही फळ्या ठोकल्या. सुईण वेळेत पोचली, बाई सुटली.

पूर ओसरल्यावर मी म्हटलं, "आता फळ्या काढून घ्या. तुमच्या पेटीचं काय?"

"लोक जाऊन राह्यले ना त्यावरून," तो म्हणाला. "मी का आजच मरून राह्यलो?"

पुढं एकदा त्या फळ्यांवर पाय ठेवताना मी चपला काढून हातात घेतल्या. तो मागूनच येत होता.

"घाला, बाबू. फळ्याच हायेत त्या."

मी गोंधळून चपला घातल्या. तो मात्र खाली बसला आणि फळ्यांना तेल लावू लागला. रविवार होता.