जपून ठेवलेली काडतुसं

नेम चुकला की दोष बंदुकीला द्यायचा, ही आमच्या खेळातली जुनी खोड. नाचता येईना, अंगण वाकडं. पण त्या वर्षी दोष खरोखरच बंदुकीच्या तोंडाशी होता आणि तो तिथे मीच, चार रविवार खपून बसवला होता. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी उडत्या तबकड्यांवर बंदूक चालवायचे. समोरच्या खंदकातलं यंत्र तबकडी भिरकावतं, ती खाली पडायच्या आत फोडायची. बंदुकीला दोन नळ्या, म्हणजे एका तबकडीला दोन संधी. एका काडतुसातून अडीचशेच्या वर बारीक छर्रे सुटतात. ते किती पसरायचे हे चोक ठरवतो. चोक म्हणजे बोटभर लांबीची, तोंडाकडे निमुळती होत जाणारी पोलादी नळी. ती बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवायची. तिच्या काठावर खाचा असतात: एक खाच म्हणजे सर्वांत आवळ, चार खाचा म्हणजे सर्वांत सैल. फार आवळ लावली तर छर्रे एकगठ्ठा जातात आणि नेम जरासा ढळला तरी तबकडी शाबूत. फार सैल लावली तर ती छर्ऱ्यांच्या मधून खुशाल निघून जाते.

माझी पन्नाशी उलटली होती आणि उजवा खांदा कामातून चालला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढा हंगाम करा, मग बंदूक बंद. राज्य स्पर्धेत शंभरपैकी ऐंशी तबकड्या फोडल्या तर राष्ट्रीय स्पर्धेला जायला मिळणार होतं. बारा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ठरवलं, अंदाजपंचे नको, चोक पारखूनच घ्यायचा. दर रविवारी बंगळुरातल्या बेळ्ळंदूरहून उजाडताना निघायचं आणि होसकोट्याच्या पलीकडची रेंज गाठायची. चिकपेटेतल्या आमच्या कापडाच्या दुकानातले मोठे खाकी कागद बरोबर न्यायचे. पस्तीस मीटरवर कागद ताणायचा, एक काडतूस झाडायचं, कागद गुंडाळायचा. परतताना रिंग रोडवर दोन तास नुसतं बसून राहायचं आणि सगळ्या जगाला शिव्या द्यायच्या. घरी जेवणाच्या टेबलावर दोरी-पेन्सिलीने वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. आई प्रत्येक भोकावर तुरीचा एक दाणा ठेवायची आणि मग दहा-दहाचे ढीग करायची. तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख असायचा. मी सगळं वहीत मांडायचे. चार रविवारांनंतर वहीने निकाल दिला: छर्रे फार फाकतात, दोन्ही नळ्यांना एक खाच.

घोळ काडतुसांत होता. माझ्याकडे दोन प्रकारची होती. एक, क्लबात कित्येक वर्षं पडून राहिलेली जुनी. दुसरी, वर्षभर वाट पाहून मिळालेली परदेशी, आठ खोकी. कागदावर मी झाडली ती जुनी. सरावही जुन्यांवरच. चांगली कपाटात कुलुपात.

यात मला काही वावगं वाटलंच नाही. चार पिढ्या बंगळुरात काढल्या तरी आमच्या घराचा एक नियम बदललेला नाही: चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. काचेचे कप पाहुण्यांसाठी. नवे टॉवेल कपाटात, आम्ही विरलेल्यांनी अंग पुसायचं. मग चांगली काडतुसं कागदावर उधळायची? छे.

रेंजवर बंदुकांची देखभाल करणारे अण्णा आमच्यासारखेच इथले जुने मराठी. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "अक्का, मॅचला जी मारणार तीच कागदावर मारा की. जुन्यातलं शिसं मऊ, चेपतंय, कुठंबी जातंय. नव्यातलं कडक, सरळ जातंय."

"बंदूक तीच, चोक तोच. असा कितीसा फरक पडणार, अण्णा?"

"सरी, तुमची मर्जी," ते म्हणाले आणि तेलाचं फडकं घेऊन आत गेले.

स्पर्धेच्या दिवशी मी चांगली खोकी उघडली. पहिल्या फेरीत पंचवीसपैकी अठरा. तबकड्या फुटत होत्या तेव्हा धूळ होत होती, आणि हुकत होत्या तेव्हा टवकाही उडत नव्हता. अण्णा जवळ आले. "फार आवळ जातंय, अक्का. स्वल्प सैल लावा. तीन खाचांचा."

मी त्यांच्यासमोर वही धरली. चार रविवारांची मेहनत होती ती! दुसऱ्या फेरीत पुन्हा अठरा. मी वाऱ्याला बोल लावला, यंत्राला लावला, शेजारी खोकणाऱ्या बाईलासुद्धा लावला. तिसऱ्या फेरीत सतरा. आता पंचवीसच्या पंचवीस फोडल्या असत्या तरी ऐंशी होणार नव्हत्या. तेव्हा कुठे मी मुकाट्याने अण्णांसमोर हात पुढे केला आणि त्यांनी तीन खाचांचे चोक हातावर ठेवले. बैल गेला आणि झोपा केला.

शेवटच्या फेरीत चोवीस फुटल्या. एकूण सत्याहत्तर. सतरा आल्या असत्या तर नशिबाला दोष देऊन सुटले असते. त्या चोवीसांनी मला कुठे तोंड लपवायला जागा ठेवली नाही. अण्णा फडक्याने बंदूक पुसत बसले, त्याचाही मला संताप आला.

घरी आले तर आई दारातच उभी होती. माझा चेहरा पाहून तिने किती फुटल्या ते विचारलं नाही. चहा ठेवला, नेहमीच्या कान तुटलेल्या कपात दिला. मी सगळं सांगितलं, खांदा चोळत.

मग आई म्हणाली, "नवी काडतुसं उरली का गं?"

"दोन खोकी."

"नीट ठेवलीस ना?"

मी तिच्यावर ओरडणार होते. शब्द ओठांवर आले होते. आणि मग आठवलं की बूटही न काढता मी आधी कपाटापाशी गेले होते. दोन्ही खोकी दमट होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली होती आणि आत, अगदी मागे सारून कुलूप लावलं होतं.

"ठेवली," मी म्हणाले.